नाथाच्या वळणावर न थांबलेल्या गाड्या

देवळाच्या सभामंडपात पडदा म्हणून जी चादर बांधली होती तिच्या कोपऱ्यात हळदीचा डाग होता. कोणाच्या तरी लग्नातली असावी. नेमकी त्या डागावर एक चंदेरी मोटार येऊन थांबली आणि वाडीतली सगळी माणसं पुढे सरकली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यांवर नव्या टोप्या होत्या, आयोजकांनी फुकट वाटलेल्या. मी मागे खांबाला टेकून उभी होते. कोणी फुकट काही वाटायला लागलं की मी बसत नाही. उभं राहिलं की वाटणाऱ्याचे हात दिसतात.

मी राहते भोरला. संघटनेचं काम करते, म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिते आणि ती वाटत फिरते. ही वाडी माझ्या आत्याची. विंझरच्या वर, घाटाच्या शेवटच्या वळणाला लागून. सभेचं आवतण मला नव्हतं. आत्यानेच फोन केला होता, "बाय, कोन मोटारवाला येनार हाय, रस्ता मागतोय म्हनं. तू ये. तुला लोकांवर वराडता येतं."

मोटारवाला पन्नाशीचा होता. पुण्याहून आलेला, आवाज मऊ, पायात साधी चप्पल. चप्पल मुद्दाम साधी घातली असणार, असं मला तेव्हाही वाटलं. तो पडद्यावरच्या गाडीबद्दल बोलू लागला. इंग्लंडातली गाडी. कंपनीचं नाव मी देत नाही, तिची फुकट जाहिरात मी का करू? गाडीला तीन बैठका आणि चालक मधोमध बसतो, दोन्ही बाजूंना एकेक जण किंचित मागे. दारं वरच्या दिशेने उघडतात. इंजिनाच्या खोलीला आतून खऱ्या सोन्याचा पत्रा, उष्णता परतवायला.

"सोनं? इंजनाला?" एक म्हातारी म्हणाली. "आन् बायकूला?"

मंडप हसला. मोटारवालाही हसला आणि हसू संपायची वाट बघून हळू आवाजात म्हणाला, "मंडळी, ही शर्यतीची गाडी नव्हतीच. रस्त्यावर चालवायची गाडी. बनवणाऱ्याला ती शर्यतीत उतरवायचीसुद्धा नव्हती. ज्यांनी विकत घेतली त्यांनी हट्ट धरला. फ्रान्समध्ये चोवीस तासांची शर्यत असते. दिवस, रात्र, पुन्हा दिवस. तेल घ्यायला, चाकं बदलायला, चालक बदलायला थांबायचं आणि पुन्हा पळायचं. ही गाडी तिथे पहिल्यांदाच गेली. तासन् तास पाऊस. शर्यतीसाठीच जन्मलेल्या गाड्या मागे पडल्या, बंद पडल्या. आणि ही पहिली आली."

पावसाबद्दल बोलताना त्याचा आवाज खरोखर कापला. मी तेवढ्यात त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. आवाज मुद्दाम कापरा करता येतो, मी स्वतः भाषणांत केला आहे.

मग आलं मुद्द्याचं. त्याला घाटरस्ता हवा होता. दर रविवारी सकाळी, उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. शहरातल्या हौशी लोकांच्या महागड्या गाड्या विंझरपासून वळणापर्यंत वर-खाली फेऱ्या मारणार, चालक बदलत बदलत. जी गाडी दम धरेल ती जिंकेल. "आम्हाला ट्रॅक बांधायचा नाही. एक दगड हलवायचा नाही. रस्त्यावरची गाडी जिंकू शकते, तर तुमचा रस्ता आहे तसाच चांगला. फक्त रविवारची सकाळ द्या."

'फक्त' हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. माझ्या कामात मी जेवढी भांडणं बघितली, ती सगळी कोणीतरी 'फक्त' म्हणाल्यावर सुरू झाली.

रविवारची सकाळ म्हणजे काय, ते त्याला माहीत नव्हतं किंवा माहीत असून तो बोलत नव्हता. आत्याकडे तीन म्हशी आहेत. वाडीत घरटी एखादी-दुसरी आहेच. पहाटे धार काढायची, किटल्या वळणावरच्या कठड्यावर नेऊन ठेवायच्या आणि घरी परतायचं. तिथे कोणी थांबत नाही. जे वाहन खाली जाईल ते किटल्या उचलतं. कोणाचा टेम्पो, कोणाची मोटारसायकल, कधी एस.टी. विंझरला डेअरीची गाडी यायच्या आत त्या पोचवतं. कोणी कोणाला सांगत नाही, कोणी आभार मानत नाही. रिकाम्या किटल्या दुपारी तशाच कठड्यावर परत येतात. म्हशीला रविवार नसतो. रस्ता सकाळभर बंद झाला, की दूध उन्हात कठड्यावर बसणार. आत्याचा संसार त्या दुधावर चालतो. एवढाच प्रश्न होता, पण तो पूर्ण होता.

भोरला परत येऊन मी शोधायला बसले. माणूस थापा मारतोय, याची मला खात्री होती. तीन बैठका खऱ्या निघाल्या. सोन्याचा पत्रा खरा. बनवणाऱ्याची अनिच्छा, घेणाऱ्यांचा हट्ट, पहिल्याच खेपेला विजय, पाऊस, सगळं खरं. मला भयंकर राग आला. खोटं बोलणारा माणूस मला चालतो, त्याला पकडता येतं. खरं सांगून फसवणाऱ्याचं काय करायचं?

मी वाचत राहिले आणि पुढचं सापडलं. त्याने जिथे गोष्ट संपवली होती त्याच्या पुढचं. ती गाडी जिंकली आणि मग शर्यतीतच राहिली. जिंकत राहायचं तर बदलायला हवं, म्हणून शर्यतीच्या गाडीचं शेपूट लांबवलं, अंग बदललं. शर्यतीचा नियम असा, की जी उतरवायची तिचा रस्त्यावरचा जोडीदारही असला पाहिजे. मग रस्त्यासाठीही तसल्याच लांब शेपटाची गाडी काढावी लागली. म्हणजे आधी रस्त्याची गाडी शर्यतीला गेली आणि मग शर्यतीने रस्त्याची गाडी बदलली. एक दगड हलवायचा नाही म्हणणारा माणूस ही अर्धी गोष्ट का सांगत नव्हता?

पत्रक मी एका बैठकीत लिहिलं. मथळा ठळक: 'आज रस्त्याची गाडी शर्यतीत, उद्या शर्यतीचा रस्ता तुमच्या दारात!' खाली लिहिलं, आज रविवार मागतात, उद्या वळण रुंद करू म्हणतील, परवा कठडा आड येतो म्हणतील. विंझरच्या दुकानांत वाटलं, बाजारात वाटलं, शिवऱ्याला हायवेवर वाटलं. शिवऱ्याला माझा आतेभाऊ, याच आत्याचा मुलगा, टायर-पंक्चरच्या दुकानात काम करतो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी गेले तेव्हा तो माझ्याच पत्रकावर भजी खात होता.

"या, पत्रकवाली! आज कुनावर?"

"तुमच्या साहेबावर."

"माजा साहेब कशाला? झेंडा धराया बोलावलंय फकस्त. वळनावर उबं ऱ्हायाचं, हिरवा दावायचा, लाल दावायचा. टीशर्ट देनार हाईत."

"आणि तुझ्या आईच्या किटल्या?"

"जीप लावनार हाईत दुधाला. साहेब म्हनले."

"आता झाला होय साहेब तुझा?"

तो भजी चावत हसला. मग मोबाईल काढून दाखवला. पडद्यावर तीच चंदेरी गाडी. "ह्ये बघ. असली गाडी जल्मात हितं येनार न्हाई. पर तिच्या जातीच्या येतील का न्हाई? दिसभर लोकांची सडकी टायरं काढतो मी. एक दिस चांगली गाडी जवळनं बगितली तर तुज्या बाचं काय जातं? तुला समदीकडं चोरच दिसत्यात. एक गाडी जिकली, त्यातबी चोर?"

मी म्हणाले, गाडीत चोर नाही, गोष्टीत आहे. तो म्हणाला, "ह्ये लिव्ह आता पत्रकात," आणि तेलकट कागदाचा बोळा करून पिंपात टाकला.

दुसरी सभा संमतीची होती. मी तयारीने गेले. शेपटाचा मुद्दा मांडला, जोरात मांडला, शेवटी आवाजही चढवला. मोटारवाल्याने मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ताईंचा अभ्यास उत्तम आहे. एक शब्द चुकीचा नाही. असे तरुण हवेत." टाळ्या पडल्या, त्याला. माझ्या मुद्द्यावर माझीच पाठ थोपटून त्याने तो गुंडाळून ठेवला होता. वाडीच्या लोकांना गाडीच्या शेपटात काही रस नव्हता, हेही खरं.

तेवढ्यात मामा उठले. मामा म्हणजे आत्याचे यजमान. सभेत कधी बोलत नाहीत, देवळाच्या पायरीशी बसून ऐकतात. टोपी काढून हातात घेतली आणि विचारलं, "सायेब, नाथापाशी उतरनार न्हवं?"

हे समजायला वळण समजायला हवं. घाट जिथे संपतो त्या शेवटच्या वळणावर नाथाचं देऊळ आहे, रस्त्याला चिकटून. तिथे कोणी बसून पुढे जात नाही. नवरदेव घोड्यावरून उतरतो. टेम्पो बंद होतो. एस.टी.चा ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली येतो, पायरीला हात लावतो, मग गाडी पुन्हा चालू करतो. ड्रायव्हर नवा असला तर कंडक्टर आधीच सांगतो. मी देवाधर्माच्या वाटेला फारशी जात नाही, पण स्कूटी बंद करते. न केली तर आत्या उंबऱ्यात घेणार नाही.

मोटारवाल्याने विचारलं, म्हणजे काय? मामांनी सांगितलं. तो हसत म्हणाला, "काका, शर्यत आहे हो. वेळ लावलेली असते."

"त्ये ठावं हाय," मामा शांतपणे म्हणाले. "तुमीच सांगितलं न्हवं का, ती सोन्याची गाडी चोवीस तासांत कितीकदा थांबली. तेल घ्याया थांबली, चाकं बदलाया थांबली, मानूस बदलाया थांबली. आन् तरी पयली आली. मंग आमच्या नाथापाशी घडीभर थांबली तर काय हारली व्हय?"

मोटारवाल्याचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. त्याच्या स्वतःच्या गोष्टीतून हे निघालं होतं.

"आन् तुमी वारबी रविवारच धरला," पुढच्या रांगेतली टोपी म्हणाली. "नाथाचा वार. आमी म्हनलं, दर्शनालाच येत्यात मानसं. चांगलं हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वाडीने शर्यत हा शब्द ऐकला होता, पण त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती मोटारींची जत्रा. येणार, नाथापाशी उतरणार, पायरीला हात लावणार, खाली जाणार, पुन्हा येणार, पुन्हा उतरणार. ज्या वळणावर एस.टी. थांबते तिथे दुसरं वाहन थांबणार नाही, ही शक्यताच कोणाच्या मनात नव्हती.

"उतरू," मोटारवाला म्हणाला. "नक्की उतरू."

"सगळ्या गाड्या?" मी ओरडले.

"सगळ्या, ताई."

"प्रत्येक फेरीला?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि उत्तर मामांना दिलं, "काका, शब्द देतो. आणि दुधाच्या किटल्यांना जीप, तोही शब्द."

सगळ्यांनी होकाराच्या माना हलवल्या. आत्यानेसुद्धा. बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "अगं, तू का मान हलवलीस?"

"देवाचं नाव काडून कोन खोटं बोलंल का, बाय?"

"रोज बोलतात."

"तुज्या भोरात बोलत असतील."

पहिला रविवार चाचणीचा ठरला होता; मी आदल्या संध्याकाळीच वाडीत मुक्कामाला होते. सकाळी आत्या दोन किटल्या घेऊन निघाली, एक मी घेतली. वळणावर, वाडीची वाट रस्त्याला मिळते तिथे, पट्टी ताणलेली. पट्टीजवळ माझा आतेभाऊ, अंगात केशरी टीशर्ट, हातात दोन झेंडे, टीशर्टच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. कठड्यावर वाडीच्या किटल्या ओळीने लागल्या होत्या. जीप उभी होती, हे मी कबूल करते. पण पट्टीच्या अलीकडे. फेऱ्या संपेपर्यंत कोणतंही वाहन खाली सोडायचं नाही असा जीपवाल्यालाही हुकूम होता. दूध न्यायला जीप आणि जीपला रस्ता बंद. ही चूक होती की हिशेब, मी आजतागायत ठरवू शकलेले नाही.

पहिली गाडी आली ती मोटारवाल्याची स्वतःची. बुटकी, निळी, जमिनीला घासत चालल्यासारखी. नाथापाशी थांबली. इंजिन बंद. तो खाली उतरला, चप्पल काढली, पायरीला हात लावला, कपाळाला लावला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की बघ.

दुसरी थांबली, पण इंजिन चालूच. आतल्याने काचेतून नमस्कार केला. तिसरी नुसती हळू झाली आणि हॉर्न वाजवला. चौथी आली ती हळूही झाली नाही. मग पाचवी, मग पुढच्या. वळणावर टायरांचा करकरीत आवाज, पाचोळा उडून नाथाच्या पायरीवर. वर जाऊन फिरून परत, पुन्हा वर. मोटारवाला मात्र दर फेरीला थांबत होता, उतरत होता, चप्पल काढत होता. एकटाच. मागचे त्याला गाठून पुढे जात होते आणि जाताना हॉर्न मारत होते, त्याला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. मला त्याची दया येत होती आणि त्याच वेळी वाटत होतं, हा हे दाखवायलाच करतोय का?

एकेका म्हाताऱ्याने डोक्यावरची नवी टोपी काढली, घडी केली आणि खिशात ठेवली.

ऊन चढलं. कठड्यावरच्या किटल्या हाताला गरम लागायला लागल्या. आत्याने झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. मग एक किटली डोक्यावर घेतली, एक हातात, आणि सरळ पट्टीकडे चालत निघाली. विंझरपर्यंत पायी.

आतेभावाने लाल झेंडा वर केला. सवयीने केला असेल, कारण वर केल्यावर तो स्वतःच दचकला.

"आये, थांब. गाड्या येत्यात."

"मला लाल दावतो व्हय?"

"आये, उडवतील गं तुला."

"आन् नाथाला? त्याच्यापाशी कुनाला लाल दावलास का सकाळधरनं?"

आत्या पट्टीखालून वाकून जायला लागली, डोक्यावर किटली तोलून. खालून गाडीचा आवाज चढत येत होता. मी धावले. पण माझ्या आधी तो धावला, दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध, आईच्या पुढ्यात, केशरी टीशर्ट आणि लाल झेंडा. गाडी वळणावर आली, किंचाळली, तिरकी होऊन थांबली. मागची थांबली. तिच्या मागची थांबली. सकाळपासून पहिल्यांदा नाथापाशी सगळ्या गाड्या थांबल्या होत्या.

काचा खाली झाल्या, इंग्रजी शिव्या आल्या. आतेभाऊ हलला नाही.

मोटारवाला धापा टाकत वर आला. मामा पायरीवर बसले होते, तिथूनच त्यांनी विचारलं, "सायेब, कोन पयला आला?"

"काका, ते आता... वेळ बघावी लागेल."

"बघू नका. आमच्या हिशेबी तुमी एकलंच आलासा. बाकीचं नाथापाशी उतरलं न्हाईत. उतरलं न्हाई त्यो बाद." मामा उठले. "आन् एका गाडीची शर्यत कशी व्हनार? रस्ता मोकळा करा."

तो वाद घालेल म्हणून मी कंबर कसून उभी होते. मुद्दे तोंडात तयार होते. त्याने वाद घातला नाही. पट्टी स्वतः सोडली. जीप खाली गेली, पण डेअरीची गाडी केव्हाच निघून गेली होती. आत्याने सगळ्यांचं परत आलेलं दूध आमच्या परड्यातल्या चुलवणावर चढवलं. बहुतेक फाटलं. मोटारवाला जायला निघाला तेव्हा तिने त्याला हाक मारून ओट्यावर बसवलं आणि त्याच दुधाचा चहा दिला. चहात गोळे तरंगत होते.

"घ्या. तुमच्या रविवारचा हाय."

त्याने पेल्यात बघितलं. मग पूर्ण प्यायला, गोळ्यांसकट. आजूबाजूला चार-पाच मोबाईल चित्रीकरण करत होते. म्हणून प्यायला की लाज वाटून प्यायला? मी त्याच्या डोळ्यांत बघत होते आणि मला काहीही कळलं नाही. जाताना त्याने वळणावर पुन्हा गाडी थांबवली, उतरला. आत्या म्हणाली, "मानूस वाईट न्हाई." मी म्हणाले, वाईट नसलेल्या माणसामुळेच दूध फाटलं. ती म्हणाली, "त्येबी खरं."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. पण तिसऱ्या आठवड्यात वळणावर दोन माणसं टेप धरून मोजत होती. रस्त्याचे म्हणाली, दुरुस्ती आहे म्हणाली. कोणी पाठवलं विचारलं तर वर बोट केलं. मी त्यांचा फोटो काढला. आतेभाऊ शिवऱ्याहून सुटीवर आला होता. टीशर्ट अंगातच. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या बांधत होता.

"परत बोलावलं तर जाशील?" मी विचारलं.

त्याने दोरीची गाठ आवळली. "आता झेंडा मी धरनार असंल तर जाईन. लाल कुठं दावायचा त्ये कळलंय मला."

"पैसे जास्त दिले तर?"

"तू ना, बाय, नवऱ्यालाबी पावती मागशील."

आत्या हसली. मी हसले नाही. त्याच्या उत्तरात होकार किती आणि नकार किती, ते मोजत राहिले. तो उतारावर नाथापर्यंत गेला, इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि पायरीला हात लावून दूध घेऊन खाली गेला. मी टेपवाल्यांकडे वळले आणि त्यांना विचारलं, वळण किती रुंद करणार आहात ते जरा मोठ्याने सांगा.